आवळ्याची बरणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुला सांगते — तुलाच का, ते विचारू नकोस.

इंग्रज जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. बोदलकशाच्या तलावाजवळ आमचं गाव. घरात सासू आणि आम्ही दोघी जावा — मी थोरली, सगुणा धाकटी. काय तिच्या हातचा आवळ्याचा ठेचा! खारात मुरलेले आवळे, बिया काढून, लसूण-मिरचीसोबत पाट्यावर वाटायची, वरून जवसाचं तेल. भाकरीवर चोपडा, नाहीतर मासळीच्या रश्श्यात कालवा. माझी मुलगीसुद्धा म्हणायची, काकूच्याच हातचा पाहिजे. माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

नणंदेच्या लग्नासाठी सासूने आवळ्यांची मोठी बरणी भरून ठेवली होती. एका दुपारी मी मासे धूत होते. घरात कुणी नव्हतं. सगुणा बाहेर बसलेली, मागच्या पडवीत. वाटलं, आपणही ठेचा करून बघावा — चोरून. तशाच ओल्या हाताने बरणीतले आवळे काढले. ठेचा जमला नाही, उकिरड्यावर टाकला. आठ दिवसांत बरणीत बुरशी धरली.

सासूने विचारलं, "बरणीले हात कोनं लावला?"

आणि मी — मी म्हणाले, "सगुणा बाहेर बसली होती ना, तवा आत गेली होती. म्या पाह्यलं."

विटाळाने बरणी नासते, असं आमच्याकडे सगळेच मानायचे. मीही मानायचे. पण हात कुणाचा लागला होता, हे मला ठाऊक नव्हतं का?

सगुणा शपथा घेऊन रडली. माझं नाव मात्र घेतलं नाही. सासूने तिला पुन्हा कधी पाट्याला हात लावू दिला नाही. शेण, पाणी, शेतात धानाची रोवणी — एवढंच तिचं काम राहिलं. लग्नात तिचं ताट पडवीत वेगळं वाढलं. वाढलं कुणी? मीच.

पुढे ठेचा मी करू लागले. हळूहळू जमलाही. पाहुणे माझ्या हाताची तारीफ करायचे, आणि मी ती ऐकून घ्यायचे.

दर वर्षी मी बरणी उघडायला गेले की दाराबाहेरून सगुणा हळूच म्हणायची, "बाई, हात पुसून घेजा."

म्हणजे त्या दुपारी तिने पाहिलं होतं. मरेपर्यंत ती याहून जास्त काही बोलली नाही. मी हात पुसायचे, आणि बरणीत घालायचे.