डोकं छतात, कान घरात

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या घरात शिडीवर चढायचं आणि फॉल्स सीलिंगच्या भोकात डोकं घालायचं, बस! खालच्या माणसांना तुमचे फक्त पाय दिसतात, आणि नुसत्या पायांसमोर लोक काहीही बोलतात.

काम म्हणाल तर घरात फ्रेश एअर मशीन बसवायचं. एसी लावून दारं-खिडक्या बंद केल्या की तीच तीच हवा घरात फिरत राहते. आमचं मशीन ती शिळी हवा बाहेर फेकतं आणि बाहेरची गाळून आत घेतं. जाताजाता जुन्या हवेतला गारवा नव्या हवेला मिळतो, म्हणून एसीवर ताण येत नाही. मोजमाप, ड्रॉइंग, कस्टमरशी बोलणं माझ्याकडे. भिंतीला होल पाडणं, डक्ट म्हणजे हवेचे पाइप ओढणं कांबळेंकडे. कांबळे मूळचे महाडकडचे, बोलायला कमी. पण जे बोलतात ते आम्ही वर्षभर पुरवतो.

एकदा सीवूड्सला एका नव्या जोडप्याकडे काम चाललं होतं. कांबळे शिडीवर, अर्धे छतात. खाली नवरा-बायकोचं सुरू झालं. त्याची आई गावाहून राहायला येणार, तर तिला कुठली खोली द्यायची. आवाज चढत गेला. तिने त्याच्या बहिणीचा विषय काढला, त्याने तिच्या भावाचा. मी बाल्कनीत जाऊन उगाच टेप लावून ग्रिल मोजत बसले.

शेवटी ती बाई तावातावाने शिडीजवळ आली. "दादा, तुम्हीच सांगा. माझं काय चुकलं?"

छतातून अत्यंत शांत आवाज आला, "मॅडम, तुमच्या नणंदेचं मला वर काहीच ऐकू आलं नाही!"

दोघंही हसायला लागले. आई कुठल्या खोलीत राहिल्या ते माहीत नाही, पण त्या दिवशी चहाबरोबर आम्हाला कांदाभजी मिळाली.

हे मशीन समजावून सांगणं ते बसवण्यापेक्षा अवघड. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले सावंत काका होते. मी त्यांना कागदावर बाण काढून दाखवले. लाल बाण, निळा बाण. काकांचं आपलं एकच, "म्हणजे माझ्या एसीचा गारवा तुम्ही बाहेर सोडणार?"

"नाही हो काका. हवा बाहेर जाते, पण जाताना आपला गारवा आत येणाऱ्या हवेकडे देऊन जाते."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "अस्सं! चार्ज देऊन जाते म्हणा ना!"

"अगदी बरोबर."

काकांनी निळ्या बाणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आमच्याकडे बदली झाली की माणूस जायचा, आणि कपाटाची किल्लीसुद्धा बरोबर घेऊन जायचा!"

बाहेरच्या भिंतीला होल पाडायचं तर सोसायटीची परवानगी लागते. एका ठिकाणी कमिटीची मीटिंग बसली. सेक्रेटरी जाधव काका साताऱ्याकडचे, आवाज असा की माइक नको. "दोन भोकं कशापायी? एकातच भागवा की!"

"काका, एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते."

"मग सकाळी आत घ्या, संध्याकाळी भायेर सोडा!"

कमिटी हसून हसून बेजार. बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडतं, पाणी मुरतं, आज एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील, असं बरंच झालं. कशीबशी परवानगी मिळाली. ते काम संपवून आम्ही टेम्पोत सामान भरतोय, तर जाधव काका गेटजवळ आले. इकडे तिकडे बघितलं. माइक नको असलेला तो आवाज एकदम खाली आला.

"आमच्या हिला धुळीचा लई त्रास हाय. रात-रात शिंका. आमच्याकडं बसवायचं तर किती भोकं?"

"दोनच, काका."

"बरं. दोन तर दोन. पण मागच्या अंगाला पाडा!"

मेंटेनन्सचे किस्से वेगळेच. मशीनच्या पोटात एक चौकोनी ठोकळा असतो, खास कागदाचा. त्यालाच कोअर म्हणतात. गारवा देण्याघेण्याचं सगळं काम तिथे होतं. फिल्टर साफ करायचा, कोअरला पाणी लावायचं नाही, हे आम्ही दहा वेळा सांगतो. एका वहिनींचा फोन आला, "मशीन चालतंय, पण घर गारच होत नाही." आम्ही गेलो. मशीन उघडलं तर आत पोकळी!

"वहिनी, यातला ठोकळा कुठाय?"

"काल धुतला ना! इतका मळला होता. वाळत घातलाय."

गच्चीवर गेलो. साड्या आणि चादरींच्या मधे, दोन चिमटे लावलेला, ओल्या पुठ्ठ्याचा एक लोंबता गोळा. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "बघा, कसा स्वच्छ निघालाय!"

कांबळेंनी तो हातात घेतला. अर्धा हातात आला, अर्धा चिमट्यालाच राहिला.

"स्वच्छ तर झालाय वहिनी," ते म्हणाले, "फक्त राहिला नाही!"

उरणच्या रस्त्याला एक बंगला आहे. समोरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात, मागे खाडी. घरातल्या लहान मुलीचा खोकला थांबेना, म्हणून तिच्या बापाने मशीन सांगितलं. त्याच्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. आम्ही काम करत होतो तोवर ती समोर खुर्ची टाकून बसली होती.

"दर्या येवरा जवल हाय, आन तुमी डब्यातली हवा घेताव?"

मुलगा म्हणाला, "आई, जरा थांब ना." ती थांबली, पण आमच्याशी बोलली नाही.

दोन-तीन महिन्यांनी फिल्टर साफ करायला गेलो. कांबळेंनी फिल्टर काढून ओट्यावर ठेवला. काळाकुट्ट. आजी उठून आली. बोटाने त्यावर रेघ ओढली, बोट बघितलं. मग आत झोपलेल्या नातीकडे बघितलं.

"ह्यो सगला पोरीच्या छातीन जात व्हता?"

बोट पदराला पुसलं. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "आन ती हवा? ती खयची?"

कांबळे म्हणाले, "आजी, दर्याचीच आहे. फक्त गाळून."

"चाय गालतू तशी?"

"तशीच."

"मंग आदीच सांगाचा ना रं!"

नेरूळच्या एका रिटायर्ड शिक्षिकेकडे हवाच येईना. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाची जाळी निसटली होती आणि आत कबुतराने घरटं केलं होतं. दोन अंडी. कांबळेंनी हात पुढे केला तशा बाई ओरडल्या, "हात लावायचा नाही!" कांबळेंनी वर्गातल्या पोरासारखा हात मागे घेतला.

मशीन बंद ठेवलं. बाईंनी खिडक्या उघडून धूळ खाल्ली, पण रोज न चुकता कांबळेंना व्हॉट्सॲपवर पिल्लांचे फोटो. शेवटी कांबळेंच्या बायकोनेच विचारलं, "ही कोण बाई रोज तुम्हाला पोरांचे फोटो पाठवते?"

एक दिवस बाईंचा कांबळेंना फोन आला. "गेली हो दोघं."

"मग येतो बाई, साफ करून जाळी लावून टाकतो."

"थांबा ना दोन दिवस," बाई म्हणाल्या, "पहिल्यांदाच बाहेर गेलीत. परत आली तर?"

आणि आता खारघरचे नाना.

नाना एकटेच राहतात. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगी परदेशात, मशीन तिनेच बसवून घेतलं. खोलीतली हवा किती शिळी झाली ते त्यात आकड्यात दिसतं, आणि तो आकडा तिला तिकडे फोनवरही दिसतो. माणूस श्वास सोडतो तसा आकडा वाढतो. जास्त माणसं, मोठा आकडा. इतकं सोपं.

एकदा तिचा मला फोन आला. "ताई, मशीन बिघडलंय बहुतेक. बाबा घरात एकटेच असतात, पण रोज संध्याकाळी हॉलचा आकडा चढतो. बाबांना विचारलं तर म्हणतात, काही नाही, मशीनलाच विचार."

मी संध्याकाळीच गेले. नानांनी दार उघडलं. हॉलमध्ये कॅरम मांडलेला. समोर साधारण त्यांच्याच वयाच्या एक बाई, बोटांना पावडर लागलेली, स्ट्रायकर हातात. "या चौथ्या मजल्यावरच्या देशपांडे," नाना म्हणाले आणि पुढचं काही सुचेना म्हणून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले. देशपांडे बाई साडीचा पदर सारखा करत उठल्या. मी म्हटलं, "बसा ना. तुमची राणी बाकी आहे अजून."

सेन्सर तपासला. फिल्टर बघितला. सगळं ठीक.

निघताना नाना लिफ्टपर्यंत आले. "काय निघालं?"

"काही नाही. मशीन बरोबर आहे."

"मग तिला तेवढंच सांग हं," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "तेवढंच."

खाली उतरून मी मुलीला फोन लावला. "मशीन एकदम बरोबर आहे. काही बिघाड नाही."

"म्हणजे आकडा खरा आहे," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "ताई, घरात माणसं किती, ते तुम्ही मशीनमध्ये टाकता ना?"

"हो."

"तिथे दोन करून टाका."