गुडघ्यातली चरवी

कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळतात आणि फेसाळ दुधाचा पेला तिथंच हातात देतात. शालूबाईचा थोरला अमरसिंह धार काढण्यात पटाईत. दुधाची चरवी गुडघ्यात धरून बसला की गडी हलायचा नाही. आठ वर्षांपूर्वी त्याच्या कानात नसलेली माणसं बोलू लागली, घराची झोप उडाली. गोळ्यांनी ती माणसं गप्प केली. तेव्हापासून शालूबाईचा देव म्हणजे गोळ्यांचा डबा.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली आणि चौथ्याच दिवशी अमरसिंह धार अर्धी टाकून उठला. बसला, परत उठला. बसला की चरवी गुडघ्यात थडथडायची, उठला की येरझाऱ्या सुरू. म्हैस बिथरली, तिनं पान्हा चोरला.

"शालूबाई, पोराचं परत सुरू झालं की वो," शेजारची विठाबाई म्हणाली.

शालूबाईला आठ वर्षांपूर्वीचं आठवलं. मागच्या वेळीही आधी येरझाऱ्याच होत्या, बडबड नंतर. दुधानं पोळलेली बाई ती, ताकही फुंकून पिणार. पण डॉक्टरला विचारावं, एवढं काही तिला सुचलं नाही. रात्रीची नवी गोळी ती दुपारीही देऊ लागली. येरझाऱ्या वाढल्या, तशा तिनं एकाच्या दोन केल्या.

आज दुपारी अमरसिंह चुलीपाशी येऊन उभा राहिला. उभ्या उभ्याही पाय चालूच.

"आई, कोण बोलत न्हाय गं कानात. तुझी शपथ. पायच आतनं पळत्यात. ही गोळीच करतीया."

पहिल्या खेपेला तो हेच म्हणाला होता, गोळीत इख कालवलंय म्हणून.

"घे राजा. आईच्या हातनं घे."

त्यानं दोन्ही गोळ्या गिळल्या. आईचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. आज मोडायला हवा होता.

चारच्या सुमारास अंगणातली पावलं थांबली. "आला बाई गुण," म्हणत शालूबाईनं हात जोडले, चहा टाकला आणि कप घेऊन गोठ्यात गेली.

अमरसिंह म्हशीखाली बसला होता. चरवी गुडघ्यात, अगदी स्थिर. मान मात्र खांद्याकडं पिळवटलेली, डोळे आढ्याला लागलेले, जबडा वाकडा होऊन घट्ट बसलेला. म्हैस मागं वळून त्याच्याकडंच बघत होती.

"काय होतंय रं? बोल की! सांग की आईला!"

त्याच्या घशातून नुसती घरघर आली. सांगायचं ते त्यानं दुपारीच सांगितलं होतं.