लिंबाचं लेकरू

माझी ताई फळांची नाती शोधणाऱ्या ऑफिसात कामाला होती. हसू नका, असं ऑफिस असतं. मागे बाग, पुढे लांबट इमारत, आत फ्रीजच फ्रीज. ताई कोवळं पान तोडायची, त्याचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत टाकायची, वरून ते धूर निघणारं गार काहीतरी ओतायची आणि कुटायची. इतकं गार की पान काचेसारखं फुटायचं. मग त्या भुकटीचं पुढे काय काय करून मशीनमध्ये घालायचे आणि तिच्या मॅडम कॉम्प्युटरवर बघून सांगायच्या, हे झाड त्या झाडाची मुलगी, ते झाड याचा काका.

घरी जेवताना ताई आम्हाला हेच सांगायची, शेजारच्या घरातल्या भानगडी सांगाव्यात तसं.

"मोसंबी म्हणजे पपनसाच्या घरात संत्र्याचं रक्त. आणि आपलं लिंबू? बाप महाळुंग, आई रानातली, कुणी विचारत नव्हतं अशी."

"म्हणजे पळून जाऊन केलेलं," माझी बायको म्हणायची.

"मग! उगाच एवढं आंबट झालं का?"

लॅबच्या आधी बरीच वर्षं ती बाहेर रोपांच्या वाफ्यांवर होती. तिथे तिला सगळे पोलीसबाई म्हणायचे. त्याचं असं की लिंबाच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात. त्यातली बहुतेक आईबापाची पोरं नसतातच. ती नुसती आई असते, परत उगवलेली. तेच झाड, तेच पान, तोच काटा. एखादंच रोप खरं लेकरू असतं, आई आणि बाप दोघांचं. पण वाफ्यात सगळी रोपं एकसारखी लागतात, म्हणून ते वेगळं दिसणारं उपटून टाकायचं. ताई बोलत बोलत वाफ्यातून चालायची आणि तिचा हात आपोआप त्या वेगळ्यावर जायचा. बघायचीसुद्धा नाही.

आमच्या मागच्या अंगणात आईचं लिंबाचं झाड होतं. आई पोटाच्या आजारानं गेली, झाड राहिलं. ताई दिसायला हुबेहूब आई. आईची एक मैत्रीण एकदा बाजारात ताईला मागून बघून अशी दचकली की हातातली पिशवीच पडली. मी बाबांवर गेलो, नाकासकट.

तर त्या झाडाच्या एका बाजूची पानं पिवळी पडायला लागली. आणि थोड्याच दिवसांत ताईच्या पोटात दुखायला लागलं. आईला होतं तेच निघालं.

तिला घेऊन हॉस्पिटलला जायला लागलो. एक दिवस नंबर लागायला वेळ होता म्हणून मागे जाऊन बसलो, जिथे अॅम्ब्युलन्स धुतात तिथे. भिंतीला लागून लिंबाचं झाड होतं. ताई उठली, झाडापाशी गेली आणि दोन पावलं मागे आली.

"ही इथे कशी?"

"कोण?"

"आपली."

"ताई, लिंबासारखं लिंबू असतं."

"पानाची मान बघ. काटा बघ कसा वाकलाय. आणि बघ, पिवळी कुठल्या बाजूनं पडलीय."

आमचं ज्या बाजूनं पडलं होतं त्याच बाजूनं. मला बरं वाटलं नाही. तिनं एक पान तोडून पर्समध्ये टाकलं.

मॅडमनी ते मशीनमध्ये घालून सांगितलं, तुमच्या घरचं आणि हे एकच झाड आहे. सारखं नाही म्हणाल्या. एकच म्हणाल्या.

मी म्हटलं, "आईला आपण डबा न्यायचो, त्यातलं लिंबू पिळून कुणीतरी बी टाकली असेल."

"खोड बघितलंस का तिचं? दोन हातांत मावत नाही. आपलं केवढंसं. आपलं नंतरचं आहे रे. तुझ्या वेळी आई त्याच हॉस्पिटलात होती. येताना तुझ्याबरोबर आणखी काय घेऊन आली कुणास ठाऊक."

 

मग तिला नादच लागला. ऑफिसला जाता-येता जिथे लिंबाचं झाड दिसेल तिथलं पान घ्यायची. शाळेच्या मागचं, पेट्रोल पंपाजवळचं, बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकातलं. मॅडम चांगल्या, त्यांनी सगळी करून दिली. काही वेगळी निघाली. पण बरीचशी तीच. आणि जी जी तीच निघाली ती सगळी एका बाजूनं पिवळी. मॅडम म्हणाल्या, किडा रोग पसरवतो, त्यात भिण्यासारखं काही नाही. ताईनं मान डोलावली आणि तेव्हापासून पेट्रोल पंप आला की रस्ता ओलांडून पलीकडून चालायला लागली.

"एकच बाई आहे ती," मला म्हणाली. "सगळीकडे उभी आहे. आणि सगळीकडे एकदमच आजारी पडलीय."

"मग लाव ना नवीन. बिया काय कमी आहेत?"

"नक्कल लावून काय उपयोग? नक्कल त्याच रोगानं जाणार. मला हिचं खरं लेकरू पाहिजे. मी जायच्या आत एकदा बघू दे, की हिच्यातून दुसरं कुणी येतं."

ती झाडाबद्दल बोलत होती. मी झाडाबद्दलच ऐकलं.

तिनं तेलाच्या डब्यात माती भरून बिया पेरल्या. बऱ्याच कुजल्या. एका बीतून तीन रोपं आली. दोन तरतरीत, एकमेकांसारखी, आणि एक बारीक, पानं जराशी मुडपलेली. ताई त्या बारक्यासमोर बसून राहायची. "हेच ते. आयुष्यभर हेच उपटलं मी." जगेल की नाही याचीच तिला काळजी. तिन्ही जरा वाढल्यावर प्रत्येकाचं एकेक पान तिनं मॅडमकडे दिलं. पण त्या वेळी मशीन दुसऱ्या कामात अडकलं होतं, थांबा म्हणाल्या.

आम्ही थांबलो. रोपं वाढत होती, ताई आटत होती. तिचं ऑफिसला जाणं सुटलं.

मग ते झालं. दुपारी ताई मागच्या पायरीवर बसली होती, डबा शेजारी. बायको कपडे वाळत घालत होती. दोघी काहीतरी हसत बोलत होत्या, माझ्याच नाकाबद्दल असणार. आणि बोलता बोलता ताईचा हात डब्यात गेला, ते बारकं रोप मुळासकट उपटलं, मनगटाला झटका देऊन मागे फेकलं. आणि बोलत राहिली.

"वन्सं!" बायको एवढ्यानं ओरडली की मी आतून धावत आलो.

ताईला कळेना काय झालं. मग तिनं डबा बघितला. मग हात बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मी रोप शोधून परत लावलं, सावलीत ठेवलं, पाणी दिलं. पण कोवळी मुळं तुटली होती. वाळलंच.

"सवय आहे हो हाताला," बायको समजूत घालत होती. "एवढी वर्षं तेच केलंत."

ताई म्हणाली, "मी नाही उपटलं." आणि हनुवटीनं झाड दाखवलं. "तिला नको होतं."

त्यानंतर तो उजवा हात ती पांघरुणाखालीच ठेवायची. जेवायचीसुद्धा डाव्या हातानं. बाकीच्या दोन रोपांकडे तिनं परत बघितलं नाही.

ताई हॉस्पिटलातच गेली, सकाळी. मी खाली कागदांवर सह्या करायला उतरलो तर मागून करवतीचा आवाज येत होता. भिंतीजवळचं ते झाड कापत होते. एक जण म्हणाला, वाळलं होतं, अंगावर पडेल कुणाच्या. मी घरी फोन करायच्या आधीच बायकोचा फोन आला. ताईचं विचारायलाच केला होता तिनं, पण आधी म्हणाली, "अहो, आपल्या झाडाला एक पान राहिलं नाही."

मॅडम नंतर घरी आल्या, तोपर्यंत रोपं गुडघ्याच्या वर गेली होती. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, निकाल आलाय.

"जे उपटलं गेलं ते लेकरू नव्हतं. नक्कलच होती, नुसती अशक्त."

बायको रडायला लागली. ताईला हे कळलं असतं तर, एवढंच म्हणत होती.

"मग लेकरू आलंच नाही?" मी विचारलं.

मॅडम डब्यापाशी गेल्या. एका रोपाला पिवळे डाग दिसायला लागले होते. त्या दुसऱ्यापाशी वाकल्या. "हे."

"हे? हे तर सगळं आईसारखं आहे. पान, काटा, सगळं."

"दिसायला. आतून अर्धीच आई आहे. बाकीचं अर्धं आमच्या बागेतल्या कुठल्याच झाडाशी जुळत नाही. बाहेरून आणलेल्या कुठल्याच पानाशी नाही. बाप कोण ते कळत नाही."

मग म्हणाल्या, परवानगी दिलीत तर फांदीवरचे डोळे घेऊन जाते. कलम करायला जे फुगीर कोंब कापतात त्यांना डोळे म्हणतात. एकेक डोळा एकेका झाडाला बसवायचा, की तिथे हे झाड होतं.

"म्हणजे हीपण सगळीकडे उभी राहणार?"

"जगलं तर. रोगाला टिकलं तर."

ताईला ते जगायला हवं होतं. मी बायकोकडे बघितलं, ती आत निघून गेली. मी म्हटलं, "घ्या. पण रोप इथेच राहील." दुसरं, डागाळलेलं, तेही मी उपटलं नाही. माझा हात होईना.

मॅडमनी छोट्या चाकूनं डोळे कापून ओल्या फडक्यात गुंडाळले. सवयीनं एक पान चुरगळून हुंगलं आणि माझ्या पुढे धरलं. लिंबाचा वास नव्हता. संत्र्याचा नव्हता, मोसंबीचा नव्हता. महाळुंगाचा मला माहीत नाही, म्हणून विचारलं, महाळुंगाचा आहे का.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. रुमाल काढून बोटं पुसली. फाटकापर्यंत गेल्या, तिथे थांबून बोटं हुंगली आणि परत पुसली.