तळ्याची चौथी बाजू

असल्या गोष्टींची मी आजवर टिंगलच केली आहे, हे आधी सांगून टाकतो. सुरतच्या एका कॉलेजात मी पुरावा कायदा शिकवतो. कुणी अनुभव सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न — "साक्षीदार कोण?" घरचे यावरून मला छळतात. या वेळी मात्र माझ्याकडेच उत्तर नाही...

माझं संशोधन जमिनीचे कायदे आणि निसर्गरक्षण यावर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, जी तळी जागेवर आहेत पण सरकारी कागदावर 'पडीक जमीन' म्हणून लागली आहेत, ती शोधून मोजायची. भेस्तानच्या पुढे असंच एक तळं आहे. कमळपक्षी तिथे अंडी घालतात. ते बुजवून कापडाची गोडाऊनं बांधायचा अर्ज आला होता आणि मी हरकत घेतली होती. सुनावणीला चारही बाजूंचं माप द्यायचं होतं. मापाच्या कागदावर टेप धरणाऱ्या दोघांचीही नावं लागतात.

माझ्या टेपचं दुसरं टोक बाबा धरायचे. धुळ्याहून सुरतच्या उधन्यात आले आणि उभं आयुष्य लूमवर काढलं. "जिंदगीभर लूमना धागा धरा, आते तुनी टेप धरस," असं म्हणून हसायचे.

आमची पद्धत ठरलेली. टेप तीस मीटरची. मी पुढे, बाबा मागे. टेप संपली की तिथे मी एक सळई रोवायची. मग बाबा त्या सळईशी येऊन टेपची कडी धरायचे आणि दोन झटके द्यायचे — म्हणजे 'धरली आहे, तू लिही'. पुढे निघताना ती सळई उपटून घ्यायचे. शेवटी सगळ्या सळया साडीच्या काठाच्या लाल धाग्याने बांधून माझ्या हातात द्यायचे. जितक्या सळया, तितक्या टेपा. हिशेब चुकायचा नाही.

त्या रविवारी तीन बाजू झाल्या. ऊन चढलं म्हणून मीच म्हणालो, राहू द्या आता. संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात हात धरून एवढंच म्हणाले, "चौथी बाजू राही गयी ना रे..." सोमवारी गेले.

मी रडलो नाही. डोकं भादरलं, पिंडदान केलं, आल्यागेल्याला चहा दिला. आत काही हलतच नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, टोपी घालून तळ्यावर गेलो. सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती. सोबत कुणाला बोलवावं हे सुचलंच नाही. कोपऱ्यावर एक खुंटी ठोकली, तिच्यात टेपची कडी अडकवली, सळयांचा लाल धागा सोडून खिशात टाकला आणि बेशरमाच्या झुडपांतून चालायला लागलो.

टेप संपली, सळई रोवली. दोन झटके आले. लिहिलं. पुढे गेलो. परत झटके, परत लिहिलं. चार सळया रोवल्या, वर अकरा मीटर भरले. कोपऱ्यावर पोचलो, बॅग खाली ठेवून बेरीज केली, टेप गुंडाळली. कडी सरळ हातात आली.

तेव्हा कुठे मला कळलं, की दर तीस मीटरला कडी सोडवून पुढे आणायला मी मागे गेलोच नव्हतो. एकदाही नाही.

वळून पाहिलं. खुंटी पार पलीकडच्या कोपऱ्यावर तशीच उभी होती. जमिनीत एकही सळई नव्हती. चारही माझ्या बॅगेशेजारी पडल्या होत्या, लाल धाग्याने बांधलेल्या. खिसा चाचपला... रिकामा. भीती वाटायला हवी होती. मी नुसता बसून राहिलो, पाण्याकडे बघत.

सोमवारी सुनावणीत अधिकाऱ्यांनी कागद पुढ्यात घेतला आणि चौथ्या बाजूवर बोट ठेवून टेपच्या दुसऱ्या टोकाचं नाव विचारलं. "बीजे छेडे कोण हतुं, साहेब?"

"मारा पप्पा," मी म्हणालो. विचार करायच्या आत तोंडातून गेलं. त्यांनी चौथ्या बाजूपुढेही बाबांचं नाव घातलं. पुढे सरकारी मोजणीदार जाऊन आला, त्याचं माप आमच्याशी जुळलं आणि तळं कागदावर तळं म्हणून लागलं.

लोक म्हणतात, दुःखात माणसाला भान राहत नाही, तूच मागे जाऊन कडी आणली असशील. असेनही. पण मग ते झटके? इतकंच आहे की त्या फाइलीत बाबांच्या नावापुढे जी तारीख आहे, ती त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरच्या तारखेनंतरची आहे. वर्गात मी असली नोंद बघितली तर खोटी ठरवीन. दुरुस्तीचा अर्ज दोनदा लिहायला घेतला. "त्या दिवशी मी एकटाच होतो," या वाक्यावर दोन्ही वेळा थांबलो. मला ते वाक्य शपथेवर लिहिता येत नाही.