कोंडाजींच्या हरकती

माणगावच्या एका कचेरीत कोंडाजी शिगवणांनी चौतीस वर्षं कारकुनी केली. अर्ज हातात आला की त्यातली चूक त्यांना पहिल्या नजरेत दिसायची. चूक नसली तर ते अस्वस्थ व्हायचे. निवृत्तीनंतर अर्ज थांबले, नजर तशीच राहिली. गेल्या हिवाळ्यात हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर एका पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ सोबतच्यांना दाखवताना त्यांचा पाय घसरला आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. गाव त्यांच्यासाठी हळहळलं. खरं तर त्यांच्या बायकोसाठी, नूतनताईंसाठी हळहळायला हवं होतं.

मुलगी क्रांती औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. तिला जपानी अ‍ॅनिमेचं, म्हणजे तिकडच्या चित्रमालिकांचं, भारी वेड. बाबा घरात अडकलेत, तर रोज संध्याकाळी एक भाग दाखवू, असं तिने ठरवलं. चांगल्या मनाच्या माणसांकडून अशा चुका होतात.

पहिल्याच मिनिटाला कोंडाजींनी शेरा मारला की हे कार्टून, म्हणजे लहान मुलांचं. दुसऱ्या मिनिटाला नायकाची आई मारली गेली, तेव्हा हे मुलांना दाखवणं योग्य नाही, असा दुसरा शेरा. हे मोठ्यांसाठीच आहे, असं क्रांतीने सांगितलं. मग चित्रं कशाला काढली, माणसं मिळाली नाहीत का? डोळे बशीएवढे का? खालच्या ओळी वाचायच्या की वरचं बघायचं? आणि जग वाचवायची जबाबदारी शाळकरी पोरांवर का, तिथले तहसीलदार कुठे गेले?

चौथ्या दिवशी लढाई लागली. तलवार लागून कोसळलेला योद्धा आपलं बालपण सांगू लागला. कोंडाजींनी काठी आपटली. "पोटात तलवार गेलेला माणूस एवढं बोलतो होय?"

नूतनताई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. "तुमी न्हाय बोललात? देवळापुढच्या नाटकात? लोकं घरी जाऊन जेवून आली, तरी तुमी मरत न्हवतात."

ते नाटक ऐतिहासिक होतं, असं कोंडाजींनी निदर्शनास आणून दिलं. शिवाय मराठीत होतं.

क्रांतीने टीव्ही बंद केला. "बाबा, नाही आवडलं तर राहू दे. पण तुम्ही बघतच नाही, नुसतं तपासता."

पुढचे दोन दिवस ती स्वयंपाकघरात बसून, कानात इयरफोन घालून मोबाइलवर बघत राहिली. कोंडाजी काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. त्यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली आणि मारामारी नसलेलं काही असेल तर लाव म्हणाले.

तिने लावलं त्यात एक म्हातारा भात लावत होता. संवाद जवळजवळ नाहीच. दहा मिनिटं कोंडाजींची एकही हरकत आली नाही. त्यांना बरं वाटत नाही की काय, म्हणून नूतनताई येऊन बघून गेल्या. पडद्यावरचा म्हातारा कमरेवर हात ठेवून, थांबत थांबत सरळ झाला. कोंडाजींचे वडील असेच सरळ व्हायचे. कोंडाजींनी चष्मा काढून पुसला.

"मूठ फार मोठी बांधलीय त्याने रोपांची," ते म्हणाले.

बंद करू का, असं क्रांतीने विचारलं.

"नको. त्याचं लावून होऊ दे."

प्लॅस्टर निघाल्याला आता चार महिने झाले. लढाया त्यांना अजूनही बघवत नाहीत, निळ्या केसांची पात्रं तर अजिबात नाहीत, आणि क्रांतीनेही ते त्यांना दाखवायचा नाद सोडलाय. रविवारी मात्र दोघं शेतीचं, नाहीतर स्वयंपाकाचं काहीतरी लावून बसतात. नूतनताई तेवढ्या वेळात शेजारी निवांत बसून येतात.