चार मिलीमीटर जाड डिस्क

होळी बाजारातल्या बावतीसच्या गॅरेजवर आम्ही जुन्या गाड्यावाले रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून जमतो. तिथे नटबोल्टपेक्षा किस्सेच जास्त सांडलेले असतात. यंदाचे सगळे लोपीससरांच्या लाल स्पोर्ट्स कारचे!

सरांच्या लेकीचं, रीनाचं लग्न आठवड्यावर आलेलं. चर्चला पप्पांच्याच गाडीतून जायचं, हे तिने पाचवीत असतानाच ठरवलेलं. आणि नेमक्या पुढच्या ब्रेक डिस्क तडकल्या.

*

सरांनी आरसी बुकातलं साल सांगून नवी जोडी मागवली. भोकं जुळली, बोल्ट बसले, आम्ही टाळ्या वाजवल्या. पण डिस्क चार मिलीमीटर जास्त जाड, ब्रेकच्या जबड्यात शिरेचना!

बावतीस म्हणाला, "सर, ते साल नोंदणीचं. गाडी बनली कधी?"

चॅसिस नंबरवरून शोधलं, तर गाडी दोन वर्षं आधीची. आयुष्यभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा' सांगणारा माणूस आरसी बुक पहिल्या पानापासून वाचू लागला.

*

मग खऱ्या सालाची डिस्क शोधणं सुरू झालं. फोनवर एक दुकानदार म्हणाला, "सेम टू सेम है सर, आँख बंद करके लगाओ!"

बुधवारी खोकं उघडलं. पाचाऐवजी चार भोकं! रीना पार्लरमधून थेट आली होती. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

*

गुरुवारी सरांनी तीच जाड जोडी तुळिंजच्या वर्कशॉपमध्ये नेऊन लेथवर घासून आणली. बसली! चाकही फिरलं.

"बसली, पण ही आतून पोकळ असते," बावतीस म्हणाला. "घासून भिंती पातळ झाल्या. तापली की फुटेल."

"अरे, घर ते चर्च दीड किलोमीटर. चालेल!"

"गाडीत पोर बसनार आहे, सर."

"चालेल म्हटलं ना!"

*

ब्रेकचं काम झालं की बावतीस मिठागराच्या रिकाम्या रस्त्यावर खडूने रेघ मारतो, रेघेवर स्वतः उभा राहतो आणि गाडी अंगावर आणून ब्रेक मारायला लावतो. शुक्रवारी सकाळी त्याने खडू सरांच्या हातात दिला.

"माझं काम असतं तेव्हा मी उभा राहतो. आज 'चालेल' तुम्ही म्हनालात."

सरांनी रेघ मारली. फळ्यावर मारावी तशी सरळ. ताठ उभे राहिले. शंभर पावलांवर रीना स्टिअरिंगला. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला सरकलो.

इंजिन सुरू झालं. रीनाने पहिला गिअर टाकला.

सरांनी दोन्ही हात वर केले. "थांब! रीना, थांब! आपण रिक्षाने जाऊ!"