वाहकाची सीट

"उठ गं. नवऱ्याच्या घरात टिकली न्हाईस, हितं सीटवर काय टिकतीस."

अणदूरच्या स्टँडवर, भरल्या एसटीत आण्णा मला असं म्हणले. आन् मी उठले. लगेच. तिकिटाची मशीन छातीशी धरून उठले, मागनं सगळी गाडी हसली.

कंडक्टर होऊन मला आठवडाच झालेला. सोडचिठ्ठी पण नुकतीच झालेली. त्या सीटच्या वर 'वाहक' असं रंगवलंय, म्हणजे सीट माझीच. पण माझा बाप ह्याच आण्णांचा सालगडी. त्यांच्यापुढं तो कधी बसला न्हाय, भाकर पण उभ्यानंच खाल्ली. सासरी मी सासऱ्यापुढं उभी. उठायची सवय हाडात मुरलेली, दुसरं काय.

मग ते रोजचंच झालं. ह्या माणसाच्या दारात गाड्या, उमरग्यात खताचं दुकान, तरी ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड दाखवून अर्धं तिकीट मागणार. तिकीट अर्धं, माज पुरा. पाय पसरून माझ्या सीटवर. मी उभी. पयल्यांदा लई आदळले. ब्रेक लागला की कुणाच्या तरी अंगावर. आण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, हिचा कुठंच तोल ऱ्हात न्हाय. परत हशा.

एकदा चहाला थांबल्यावर ड्रायव्हर काका म्हणले, "बाई, गाडीशी भांडू नका. पाय जरा फाकवा, गुडघे ढिले सोडा."

तसं केलं. जमत गेलं. खड्डा येऊ दे न्हायतर वळण, दोन्ही हात मोकळे, मशीन चालू, मी जाग्यावर. घरी उशीत तोंड घालून रडायचे, ते पण त्याच दिवसांत थांबलं. कधी थांबलं ते कळलंच न्हाय.

काल आण्णा चढले, बसले. मी म्हणलं, "ही सीट वाहकाची हाय. उठा."

"तू उभीच बरी दिसतीस."

मी घंटीची दोरी धरली आन् ओढलीच न्हाय. कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याबिगर एसटी हलत न्हाय. ड्रायव्हर काका आरशात बघत बसले. मागनं कुरकुर सुरू, ती पण माझ्यावरच. जाऊ द्या की बाई, म्हातारं माणूस हाय. वा रे तोंडं. हसताना कुणाला म्हातारं दिसलं न्हाय. शेवटी दवाखान्याला निघालेली एक आजी वैतागली. "आण्णा, उठा की. माझा नंबर जाईल तुमच्यापायी."

आण्णा उठले. मागं जागा होती, पण मागं बसायचं म्हणजे कमीपणा. मग दांडा धरून उभे. जळकोटच्या वळणावर टोपी पडली, आन् ती उचलायला दांडा सोडायची हिंमत होईना. जलमभर दुसऱ्याला उभं ठेवलं, सोताला उभं ऱ्हाता येईना. ह्याला आमी भीत होतो. ह्याला.

मी पण बसले न्हाय. सीटवर माझी बॅग ठेवली. उमरग्यापर्यंत ते बॅगेकडं बघत होते.

उतरताना म्हणले, "डेपोत सांगतो. नोकरी कशी टिकती बघतो."

"सांगा. बिल्ला नंबर लिहून घ्या."

राग बापावर काढणार, मला माहीत हाय. बापाला सांगितलंय, ते काम सोड, माझ्या पगारात भागंल. उद्या अणदूरला गाडी थांबंल, आण्णा चढतील. अर्धं तिकीट देईन, नियमानं. माझ्या सीटवर बसले तर गाडी हलणार न्हाय.